बागेतला शिकारी पक्षी शिक्राच आहे का? कसं ओळखू, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जवळच्या बागेत एक शिकारी पक्षी येतो आणि तो कोण आहे हे काही केल्या ठरत नाहीये. घार मला कळते, शेपटीला खाच दिसली की घार. हा घार नाही. कबुतराएवढा किंवा जरा लहानच, पाठ राखाडी, झाडांच्या मधून खालून सुळकन जातो आणि मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पानांत गायब. बसलेला सापडलाच तर पाठमोरा. पोटावर आडव्या तांबूस रेघा दिसल्यासारख्या वाटल्या, पण शपथेवर नाही सांगू शकत.

माझा अंदाज शिक्रा. पण मग कळलं की पावशा (कोकिळेच्या कुळातला पक्षी) पण दिसायला असाच, उडतो पण तसाच, आणि बारके पक्षी त्यालाही शिक्रा समजून ओरडत सुटतात. पक्षीच फसतात तर आपली काय कथा! त्यात आता त्याच झाडावर एक तपकिरी दिसला, छातीवर थेंबांसारखे उभे डाग, आकार तेवढाच. हा वेगळाच कोणी की त्याच घरातला?

फोटो आहे, पण मोबाईलच्या झूमने काढलेला, त्यात काळा ठिपका आणि भरपूर आभाळ, म्हणून टाकत नाही. पुस्तकातली चित्रं सगळी निवांत बसलेल्या पक्ष्यांची, इथे मिळतात दोन सेकंद. तेवढ्यात नेमकं काय बघायचं? आणि दुर्बीण बदलू का, सध्या १० बाय ५० आहे (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची), जड पडते.

प्रतिसाद:
रंग आधी डोक्यातून काढा, सावलीत सगळेच राखाडी दिसतात. उडताना आकार बघा. शिक्र्याचे पंख आखूड आणि टोकाला गोलसर, शेपूट लांब, चारपाच वेळा भराभर पंख मारतो आणि मग थोडा तरंगतो. ससाण्यांचे पंख टोकदार असतात. मोकळ्या गवतावर हवेत एका जागी पंख मारत थांबलेला दिसला तर तो शिक्रा नाहीच, कापशी घार किंवा केस्ट्रेल (छोटा ससाणा) असणार. कापशी पांढरट, खांदे काळे, केस्ट्रेल विटकरी.

पावशासाठी चोच बघा, बाकी सगळं सोडा. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळसोट. शिवाय शिक्रा ताठ बसतो, पाय लांब, पिवळे. तुमचा तपकिरी बहुतेक शिक्र्याचं पिल्लू, गळ्यावर मधोमध एक गडद उभी रेघ दिसते का बघा. पण लगेच नक्की करू नका, पावशाच्या पिल्लालाही असेच डाग असतात, म्हणजे परत चोचच. मोठ्यांमध्ये नराचा डोळा लालभडक, मादीचा पिवळसर ते नारिंगी, आणि मादी नरापेक्षा मोठी.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण मी म्हणेन आधी कान वापरा. खार एका सुरात चिरकायला लागली, बुलबुल आणि साळुंक्या एकदम कालवा करायला लागल्या, की त्या झाडाकडे बघा, दहातल्या बऱ्याच वेळा साप किंवा मांजर निघेल पण उरलेल्या वेळा शिक्रा. फक्त आवाजावरून नाव लिहून टाकू नका, कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची नक्कल इतकी बेमालूम करतो की जुनेजाणते पण वळून बघतात. झाडाखाली उपटलेली पिसं पडलेली दिसली तर वरची फांदी लक्षात ठेवा, खायला तिथेच परत येऊ शकतो.

वेळेचं म्हणाल तर शिक्र्यासाठी सकाळी लवकर जा. घारी आणि गरुड मंडळी मात्र ऊन तापून गरम हवा वर चढायला लागली की मग गिरक्या घेतात, त्यांच्यासाठी पहाटे उठून उपयोग नाही.

दुर्बीण ८ बाय ४२. दहापट मोठं दिसतं खरं पण हातही दहापट हलतो आणि चित्राची रुंदी कमी, झाडीत पक्षी सापडेपर्यंत तो गेलेला असतो.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. आज चोच नीट दिसली, आकडा आहे, त्यामुळे राखाडीवाला शिक्रा नक्की. तपकिरीवाला आज नव्हता. अजून एक, बागेमागच्या उंच इमारतीच्या कठड्यावर एक मोठा बसतो, पाठ गडद, डोळ्याखाली मिशीसारखा काळा पट्टा, पंख टोकदार. बहिरी ससाणा असेल का? शहरात?

प्रतिसाद:
असू शकतो, वर्णन तर तसंच आहे. त्याला उंच कडा लागतो आणि खाली कबुतरं, इमारत काय नि डोंगर काय. तो सूर मारताना ताशी ३०० किमीच्या वर जातो, त्यामुळे कठड्यावरून उठला की दुर्बिणीतून शोधत बसू नका, नुसत्या डोळ्यांनी कबुतरांच्या थव्याकडे बघा, थवा फुटतो तिथे तो असतो.

आणि एक विनंती, शिक्र्याचं घरटं सापडलं तर झाड कुठलं ते इथे लिहू नका. लोक कॅमेरे घेऊन खाली जमतात, मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवतात, आणि जोडी घरटं सोडून जाऊ शकते. लांबूनच बघा, तो तुमच्याकडे टक लावून बघायला लागला की आणखी मागे सरका.