जुनी गाडी हायवेवर गरम होऊन राहिली, कूलंट कमी होते पण गळती कुठेच दिसत नाही

मनीषनगर_ताई:
नमस्कार मंडळी. बाबांची 2008 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1 लाख 32 हजार किमी झाले, आता मीच चालवते. महिनाभरापासून कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) डबा दर आठ दिवसांनी मिनिममच्या खाली जाऊन राहिला, अर्धा लिटर तरी टाकावंच लागते. परवा वर्ध्याहून येताना बुटीबोरीच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा लालच्या जवळ गेला, दुपारचे दोन, बाहेर 45 डिग्री, एसी बंद केला, गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास कडुलिंबाखाली थांबली. शहरात सिग्नलवर मात्र काटा मधातच राहतो, आणि पार्किंगच्या फरशीवर सकाळी एक थेंब नसते. गॅरेजवाले बोनेट उघडून पाहून म्हणाले हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधातलं सील) उडालं, हेड उतरवावं लागेल, 22 हजार. बाबा म्हणतात विकून टाक, पण मी याच गाडीवर शिकली, जीव आहे तिच्यात. खरंच गॅस्केट असेल का? आधी काय तपासू?

ऑइलवाले_काका:
ताई, हेड उतरवू नका अजून. गॅस्केट गेलं असेल तर ते कुठे ना कुठे बोलतेच. सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबून पहा, रात्रभर उभी राहूनही तो टणक लागला तर सिलिंडरचा गॅस कूलंटमधे शिरून राहिला समजा. ऑइल टाकायचं झाकण उघडा, खालून दुधाच्या चहासारखा फेस आहे का? इंजिन गरम झाल्यावरही मागून पांढरा धूर, गोडसर वास? डब्यात सारखे बुडबुडे? एक निळं केमिकल पण येते, रेडिएटरच्या तोंडावर धरतात, एक्झॉस्टचा गॅस असला की त्याचं पिवळं होते. यातलं काहीच न करता नुसतं पाहून 22 हजार सांगणं मला पटत नाही. आणि गरम गाडीचं रेडिएटर कॅप उघडू नका हो, कितीही घाई असली तरी, माझ्या भावाचा हात कोपरापर्यंत भाजला आहे.

वाडी_नाका:
सिग्नलवर ठीक म्हणजे फॅन काम करून राहिला, त्यामुळे फॅन मोटर, रिले यात पैसे घालू नका. हायवेवर गरम होणं म्हणजे कूलंट कमी, नाही तर रेडिएटर चोक, नाही तर थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) पूर्ण उघडत नाही. तुमच्या केसमधे कूलंट कमी होते हे तर दिसूनच राहिलं. माझा अंदाज कॅपवर आहे. कॅपनी 1.1 बारचं प्रेशर धरलं तर साधं पाणीही 120 च्या आसपास उकळते, स्प्रिंग ढिली झाली की त्याच्या खूप आधी, मग ते डब्यात ढकललं जाते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून चालत्या गाडीत रस्त्यावर सांडते, घरी येईपर्यंत सगळं वाळलेलं. प्रेशर टेस्ट करून घ्या, गार इंजिनवर हातपंपानी प्रेशर भरतात आणि पंधरा मिनिटं काटा खाली येते का पाहतात. आणि डॅशबोर्डच्या टेंपरेचर काट्यावर फार भरवसा नको, कूलंट सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा नॉर्मल दाखवते, तेवढ्यात इंजिन सीझ.
बरं, डब्यात काय टाकता तुम्ही?

मनीषनगर_ताई:
बाबा बोअरचं पाणी टाकायचे 😔 होज आज सकाळी दाबला, मऊ होता. झाकणाखाली फेस नाही, धूर नाही. उद्या दुसरीकडे प्रेशर टेस्ट करते.

ऑइलवाले_काका:
बोअरचं पाणी बंद करा, त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बारीक होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. कोणी थर्मोस्टॅट काढून टाका म्हटलं तर ऐकू नका.

मनीषनगर_ताई:
दादा, काका, झाली टेस्ट! कॅपवर 1.1 लिहिलं आहे, टेस्टरवर 0.4 लाच सुटली. पण दुसरं पण निघालं. प्रेशर भरून दहा मिनिटांनी काटा हळूच उतरला, मिस्त्रीनी खालून टॉर्च मारून मला दाखवलं, टायमिंग कव्हरच्या खालच्या कोपऱ्यातून एक थेंब लोंबला, आणि त्याच्या वर पांढरट-हिरवी खरपुडी बोटभर लांब, मिठासारखी. म्हणजे वॉटर पंपाचं (कूलंट फिरवणाऱ्या पंपाचं) सील गळून राहिलं. गरम इंजिनवर तो थेंब वाळून जायचा, म्हणून फरशी कोरडी. निळं केमिकल निळंच राहिलं, गॅस्केट शाबूत आहे, मला तिथेच रडू आलं.

वाडी_नाका:
वा ताई! पंप टायमिंग बेल्टनी फिरतो ना तुमचा? मग बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून ठेवते ते) सोबतच बदला, मजुरी तीच लागते. रेडिएटर फ्लश करा, कॅप नवी. भरताना हीटर फुल, कॅप उघडी, गाडीचं नाक थोडं वर, फॅन दोनदा लागेपर्यंत आयडलवर ठेवा, हवा अडकली तर परत गरम होईल.

मनीषनगर_ताई:
बेल्ट सात वर्षांपूर्वी बदलला होता, म्हणजे तोही करते. शनिवारी काम लावलं. डब्यावर मार्करनी रेघ मारून ठेवते आणि रोज सकाळी पाहते, पंधरा दिवसांनी लेव्हल इथेच सांगते.