मदत हवी आहे: वाळुंजाचे खुंट फुटले आणि एप्रिलमध्ये वाळले

काठावरचा
शेताचा नदीकडचा काठ दर पावसाळ्यात कापला जातो. वाळुंजाचे (नदीकाठचा देशी विलो) जिवंत खुंट, म्हणजे ओल्या फांदीचे तुकडे, ठोकले की मुळं माती धरतात, म्हणून लावले. पानंही आली. एप्रिलमध्ये सगळे वाळले. कशानं? लवकर सांगा, धागा भरकटू देऊ नका.

मृदाप्रेमी
नदी कुठली? काठाची उंची, माती, खुंटाची लांबी, लावल्याचा महिना? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

काठावरचा
कन्हान, कामठीच्या वर. काठ दीड पुरुष, माती काळी. खुंट हातभर, फेब्रुवारीत लावले, काठाच्या वरच्या कडेला.

वाळावाला
वाळुंज सोडा, वाळा (खस गवत) लावा. उताराला आडव्या ओळी, दोन ठोंबांत 10 ते 15 सेंमी. मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात.

मृदाप्रेमी
वाळा उतारासाठी उत्तम, पण विचारलंय ते खुंट का वाळले. डोळे फुटतात ते खोडातल्या साठ्यावर, मुळं मागून येतात. पान दिसलं म्हणजे झाड लागलं असं नाही. त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेग नेमकी खुंटालगत पडते आणि कोवळी मुळं उघडी पडतात. हातभर खुंट काठाच्या माथ्यावर ओलीपर्यंत पोचतच नाही.
खुंट 2 ते 4 सेंमी जाड, निदान 90 सेंमी लांब; ओल खोल असेल तर दीड-दोन मीटर. पाऊण भाग जमिनीत, वर दोन-तीन डोळे पुरे. खालचं टोक तिरपं, वरचं सपाट कापा म्हणजे खुंट उलटा लागणार नाही. लावण्याआधी निदान 24 तास पाण्यात, सावलीत. सब्बलीनं आधी भोक पाडा. खुंटावरच घण घातला तर डोकं चिरतं, साल सोलते. चिरलेला भाग कापून टाका. मग भोकात पातळ चिखल ओता आणि सब्बलीच्या टोकानं खच्चून दाबा. आत पोकळी राहिली की तिथलं मूळ मेलं.

धुऱ्यावरून
भाऊ, एवढा खटाटोप काऊन? बेशरम लावा. कुठंही रुजते, जनावर तोंड लावत नाही.

नालाकाठ
कृपया नको. बेशरम पाण्यात पसरून नाले तुंबवते, आणि चाऱ्याच्या टंचाईत बकऱ्यांनी खाल्ली तर विषबाधा होते. देशी हवं असेल तर निर्गुडी. तीही छाटणीतून लागते, बकऱ्या सहसा खात नाहीत. वाळुंजाचे कोंब मात्र आवडीनं खातात, काटेरी कुंपण पहिल्या दिवसापासून हवं.

फिरकी
या वाळुंजाच्या बॅटी होतात का?

नालाकाठ
नाही. बॅटीचा विलो वेगळा, थंड मुलखातला. मूळ प्रश्नावर या: काठ वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे का?

काठावरचा
हो, बाहेरच्या. त्यानं काय फरक पडतो?

नालाकाठ
सगळा फरक त्यानंच पडतो! बाहेरच्या वळणावर धार पायथा पोखरते आणि वरची माती सुळक्यासारखी उभी राहून ढासळते. तिथे वाळा काय, वाळुंज काय, ढेकळासकट खाली येणार. आधी पायथ्याला मोठे दगड, नदीच्या तळाखाली पाया घेऊन. मग उभा काठ तासून एकास दोन उतार, म्हणजे एक हात उंचीला दोन हात आडवं. उतारावर काथ्याची जाळी खुंट्यांनी ताणून बसवा आणि तिच्यातून खुंट लावा, 60 ते 90 सेंमीवर, त्रिकोणी मांडणीत. नदीपात्रात दगड टाकण्याआधी जलसंपदा विभागाला विचारा.

मृदाप्रेमी
पायथ्याचं पटलं. पण खुंट पावसाळ्याच्या तोंडावर लावू नका, पहिलाच पूर उपटून नेईल. ऑक्टोबरात पाणी उतरल्यावर लावा.

वाळावाला
ऑक्टोबरात फांदीवर पानं असली तर? झाड निष्पर्ण असतानाच खुंट काढायचे असतात.

मृदाप्रेमी
निष्पर्ण फांदी मिळाली तर सर्वोत्तम. पण तिची वाट बघत फेब्रुवारी गाठला तर मुळांना उन्हाळ्याआधी वेळच उरत नाही. पानं असतील तर सगळी काढून, फांदी त्याच दिवशी पाण्यात ठेवा.

काठावरचा
म्हणजे मेमध्ये दगड आणि उतार, ऑक्टोबरात खुंट. तोवर उघडा उतार पावसात धुपेल ना?

वाळावाला
म्हणूनच म्हणतो, जाळी मेमध्येच बसवा आणि पहिल्या पावसावर तिच्यातून वाळ्याचे ठोंब लावा. खुंटांची जागा मोकळी ठेवा, वाळ्याला सावली मानवत नाही.