मदत हवी आहे: 'सेव्हन सामुराई' सबटायटल्सशिवाय झेपेल का?

नमस्कार मंडळी, सध्या मुक्काम टोकियोत. इथल्या एका थिएटरात दिग्दर्शक कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) लागतोय; डाकूंपासून गाव वाचवायला शेतकरी सात सामुराई (जुन्या जपानचे योद्धे) नेमतात, ती गोष्ट. पूर्वी लॅपटॉपवर इंग्रजी सबटायटल्ससह पाहिलाय, पण शेवटची पावसाचिखलातली लढाई मोठ्या पडद्यावर बघायचीच आहे. गोची अशी की इथे जपानी सिनेमाला सबटायटल्स नसतात.

माझं जपानी दुकान-ऑफिसपुरतं. त्यात सामुराईंची जुनी भाषा, शेतकऱ्यांची गावरान बोली आणि जुना ध्वनी. ऑफिसातले जपानी लोकसुद्धा म्हणतात, अर्धं कळत नाही! (तेवढाच दिलासा.) सामुराईंचा म्होरक्या काम्बेई डोकं भादरून भिक्षू बनतो आणि ओलीस मुलाला सोडवतो, असे प्रसंग न बोलता कळतात. पण गावात लपवलेली चिलखतं सापडल्यावर किकुचियो (नट तोशिरो मिफुने) शेतकऱ्यांबद्दल जे तडतडतो, ते शब्दांवाचून वाया जाईल. मिफुनेंचा तो प्रसंग मला सोडायचा नाही.

कुणी असा पाहिलाय का? आधी घरी पुन्हा बघून जावं की पटकथा वाचावी? आणि २०७ मिनिटांच्या सिनेमात मूळचं मध्यंतर आहे, त्यात बाहेर जाऊन येण्याइतका वेळ मिळतो का? सोबत सासरे आहेत, त्यांना मधुमेह आहे.