मदत हवी आहे: १९७४ ची अँबेसिडर, मागचे ड्रम टर्निंग केल्यावर पेडल पायाखाली उड्या मारतं

नमस्कार मंडळी,

गाडी आजोबांची. अँबेसिडर मार्क टू, पेट्रोल, १९७४ ची. आजोबा गेल्यावर पाथरीच्या जुन्या घरी गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये ती सात वर्षं उभी होती, आणि उभी करताना कुणीतरी हँडब्रेक ओढून ठेवला होता. (ते कुणीतरी म्हणजे मीच. घरी अजून कबूल केलेलं नाही.) मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) दोन्हीकडे ड्रमला असे धरले की गाडी ढकलली तर चाकं फिरायच्या ऐवजी घसटत येत होती.

परभणीहून एक मिस्तरी बोलावला. त्याने ॲडजस्टर (शू ड्रमपासून मागे घेणारा स्क्रू) सैल करायच्या आधीच घण घेतला आणि ड्रमच्या कडेवर ठोकायला सुरुवात केली. डाव्या ड्रमच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला. मी ओरडलो तर म्हणतो, "काई होत नई साहेब, ब्रेक तर आतून लागते." आतून दोन्ही ड्रमना गंजाचे चट्टे होते. शू जिथे टेकले होते, नेमक्या त्या आकाराचे.

मग ड्रम टर्निंगला, म्हणजे आतून कापून गुळगुळीत करायला, लेथवर गेले. लेथवाल्याने नुसता ड्रम बाहेरून तीन जबड्यांच्या चकमध्ये धरला, कट मारला आणि ताटासारखा चकचकीत करून दिला. वर "जगात जर्मनी, भारतात परभणी" हेही ऐकवलं. शूवर नवे लायनर (ड्रमवर घासणारं अस्तर) रिबिट मारून बसवले, व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या बदलल्या, ब्रेक ऑइल नवीन घातलं, हवा काढली.

आता जिंतूर रोडला चाळीसच्या स्पीडला ब्रेक दाबला की पेडल शिलाई मशीनच्या पायट्यासारखं वरखाली होतं. अगदी हळू असताना नुसता हँडब्रेक हलका ओढला तरी तोच ठेका. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, म्हणजे दोष मागेच आहे, इतपत कळतंय. व्हर्निअरने चार ठिकाणी मापलं: डाव्या ड्रममध्ये ०.३ मिमीचा फरक, उजव्यात ०.१. शिवाय डावा उजव्यापेक्षा ०.८ मिमीने मोठा झालाय.

संभाजीनगरला एका जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात माळ्यावर कोऱ्या ड्रमची जोडी मिळाली आहे, तेलकट कागदात, वर मेणासारखं घट्ट ग्रीस. पैसे देऊन ठेवलेत, पण आजोबांचेच ड्रम राहावेत असं वाटतं. सल्ला द्या. एकच विनंती, डिस्क बसवा म्हणू नका. गाडीने पन्नाशी ओलांडली आहे. २०२१ च्या नियमाने मूळ रूपातल्या पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेजची वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं. मला ती करायची आहे.

प्रतिसाद (जालना)

दादा, लेथवाल्याला शिव्या घालायच्या आधी एक बघा. ड्रम हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) जिथे टेकतो तो तोंडाचा भाग आणि मधलं भोक वायरब्रशने साफ केलं होतं का? तिथे गंजाची एक खपली राहिली तरी ड्रम तिरका बसतो आणि कितीही चांगलं टर्निंग केलेलं असो, डोलतो. दुसरं, चाकाचे नट. एकेक करून गोल गोल आवळत गेलात तर ड्रम ओढला जातो. समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. हे फुकटातलं काम आहे, आधी हेच करा.

तरी थरथर राहिली तर चूक चकमध्येच. बाहेरची कड ओतीव असते, तिचा आणि मधल्या भोकाचा सेंटर एक असेलच असं नाही. त्यात घणाने ठोकलेली कड! ड्रम हबवर बसवून, हब सेंटरमध्ये धरून, डायल (ड्रम किती डोलतो ते काट्याने दाखवणारं मापक) लावून कट घ्यायचा. व्हर्निअरचं माप अंदाजापुरतं, बोअर गेज पाहिजे. पण ०.३ व्हर्निअरलाही दिसतोय म्हणजे ड्रम ओव्हल आहेच.

प्रतिसाद (नांदेड)

टवका उडालेला ड्रम मी तरी लावणार नाही. खात्री करायची असेल तर ड्रम कोरडा, स्वच्छ करा, दोरीला टांगा आणि लाकडी दांड्याने हलकं वाजवा. धड ड्रम देवळातल्या घंटेसारखा घुमतो. तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. आणि कुणी वेल्डिंग मारून देतो म्हणालं तर ड्रम उचलून घरी या. बिडाचं वेल्डिंग ब्रेकच्या उष्णतेत टिकेल यावर मी जीव टाकणार नाही.

आकाराचं म्हणाल तर मूळ मापापेक्षा साधारण दीड मिमीच्या पुढे व्यासात जायचं नसतं. भिंत पातळ झाली की लवकर तापते, फाकते. ड्रम मोठा झाला की आणखी एक भानगड, स्टँडर्ड शूची गोलाई त्याला जुळत नाही, शू फक्त मध्ये टेकतो. लायनरवर आडव्या खडूच्या रेघा मारा, ड्रम चढवा, हलका ब्रेक लावून फिरवा, काढा. खडू कुठे पुसला ते दिसेल. दोन्ही टोकांना खडू तसाच असेल तर शू घासून गोलाई जुळवावी लागेल. एका ॲक्सलवर एक लहान एक मोठा ड्रम ठेवू नका, गाडी ओढणारच.

हो, आणि त्या मिस्तरीने आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवली का? जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसायचं, फुंकायचं नाही.

धागाकर्ता

उडवली. मी शेजारीच चहा घेऊन उभा होतो.

घंटेची परीक्षा केली. उजवा छान घुमला, बाबा बाहेर येऊन बघून गेले. डावा 'थप्प'. कडेपासून आत केसाएवढी रेघ निघाली, खडूची पूड चोळल्यावर दिसली. म्हणजे कोरी जोडीच लावायची. ते ग्रीस कशाने काढू? दुकानदार रॉकेल म्हणतो.

प्रतिसाद (जालना)

रॉकेल नको, मागे तेलकट थर राहतो आणि तो लायनर पितं. आधी लाकडी पट्टीने ग्रीस खरवडा, मग ब्रेक क्लीनर, मग गरम पाणी आणि साबण. लगेच पुसून उन्हात. या दिवसांत ओला ठेवलात तर चहा पिऊन येईपर्यंत आतून तांबूस होतो. कोरा आहे म्हणून तसाच चढवू नका. वर्षानुवर्षं माळ्यावर एकावर एक ठेवलेले ड्रमही ओव्हल निघतात, आधी हबवर लावून डायल फिरवा.

आजोबांचा उजवा ड्रम टाकू नका. आतून पातळ तेलाचा हात, बाहेरून उष्णता सोसणारा काळा रंग, कागदात गुंडाळून सपाट ठेवा, त्याच्यावर काही रचू नका. पुढेमागे जोडीदार मिळेल.

धागाकर्ता

कळवायला उशीर झाला. कोरे ड्रम हबवर लावून डायल फिरवला, एक ०.०५ मिमीच्या आत होता, दुसऱ्याला बारीक कट घ्यावा लागला. खडू टोकापासून टोकापर्यंत पुसला गेला. काल जिंतूर रोडला साठवरून ब्रेक दाबला, पेडल पायाखाली गप्प.

गाडी आता हँडब्रेक न ओढता उभी करतो, गिअरमध्ये टाकून, चाकांना विटा लावून. बाबांनी सकाळी विचारलं, विटा कशाला? सांगावं लागलं सगळं. ते म्हणाले, "माहीत होतं. तुझ्यानंतर शेडला कुलूप मीच लावलं होतं."