थंडीत पहिल्या स्टार्टला इंजिनात टकटक, मदत हवी आहे

रावेरहून केळी भरतो. दहाचाकी ट्रक, 2012 चा, सहा सिलिंडर, जुना डिझेल पंप, कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच सामाईक पाइपातून डिझेल देणारी नवी पद्धत) नाही. थंडी पडल्यापासून पहाटे स्टार्ट केला की टकटक येते, रेस दिली की वाढते. पाचेक मिनिटांत इंजिन गरम झालं की पूर्ण बंद. दुपारी आवाज नाही. पांढरा धूर थोडा, तोही लगेच जातो. ऑइलचा दिवा लगेच विझतो.

15डब्ल्यू-40 ऑइल फिल्टरसकट बदललं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले. फरक शून्य. एक मिस्त्री म्हणतो नॉझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) खराब आहे, दुसरा म्हणतो पिस्टन लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळीत) हलतोय, इंजिन उतरवा. माल नाशवंत, गाडी एका दिवसावर उभी ठेवता येत नाही.

नॉझलच्या पाइपांचे नट एकेक ढिले करून कोणत्या सिलिंडरचा आवाज आहे ते पाहणार आहे, पण त्या सिलिंडरचं डिझेल तुटलं की पिस्टनचा आवाजही कमी होतो ना? मग इंजिन न उतरवता दोन्हींतला फरक ओळखायचा कसा?