मदत हवी आहे : दोन्ही कार्ब्युरेटरांच्या जोडणीतून पेट्रोल गळते, काही केल्या थांबत नाही

वंगण : नमस्कार. माझ्या जुन्या गाडीत पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरांना जिथे जोडली आहे, तिथे दोन्हीकडे गळती होते आहे. वॉशर नवे घातले, बोल्ट चांगले आवळले, तरी थोड्याच वेळात जोडणी ओली होते आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा येतो. गाडी लवकरच बाहेर काढायची असल्याने ‘मेकॅनिकला दाखवा’ एवढाच सल्ला कृपया देऊ नये. नेमके काय करावे ते सांगावे.

आटेपाने : गाडी कोणती, कार्ब्युरेटर कोणते आणि जोडणी कशी, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. रबरी नळी क्लिपने आवळलेली आहे, धातूच्या नळीला फ्लेअर, म्हणजे पसरवलेले तोंड, आहे, की नळीचे कडीसारखे टोक पोकळ बोल्टने बसवलेली बँजो जोडणी आहे? प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. वॉशर कशाचे आहेत? गळती इंजिन चालू असतानाच होते, की नुसती चावी फिरवली तरी होते?

निळी टाकी : एवढ्या चौकशीची गरज नाही. बोल्टच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि आवळा. माझ्या गाडीत ही टेप कित्येक वर्षे टिकून आहे.

आटेपाने : हा सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. बँजो जोडणीत पेट्रोल आटे अडवत नाहीत. बोल्टच्या डोक्याखालचा आणि बँजोच्या पाठीमागचा असे दोन वॉशर ते अडवतात. फ्लेअर जोडणीत धातू धातूवर दाबून बसतो, तिथेही टेपचा उपयोग नाही. उलट टेपचे सुटलेले तंतू पेट्रोलची आवक बंद करणाऱ्या नीडल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचले, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कार्ब्युरेटरचा पेट्रोल साठवणारा फ्लोट चेंबर भरून वाहू लागतो.

निळी टाकी : माझ्याकडे अजून तसे झालेले नाही. निमुळत्या आट्यांच्या जोडणीत पेट्रोलला चालणारी टेप वापरतात, हे तरी मान्य कराल?

आटेपाने : निमुळत्या आट्यांपुरते मान्य आहे. पण इथे तशी जोडणी आहे का, तेच अजून कळलेले नाही.

वंगण : १९५७ ची एमजीए १५०० ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे, म्हणजे दोन एसयू एच४ कार्ब्युरेटर आणि अर्थातच बँजो. वॉशर फायबरचे, नवे. चावी फिरवून पंप चालू झाला की गळती सुरू होते, इंजिन सुरू करावे लागत नाही.

मंदगती : मग इंजिन सुरू करूच नका. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, त्यामुळे जोडणीतून सुटलेला थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर पडू शकतो. दोहोंमधला उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे का, तेही पाहा. तपासणी इंजिन थंड असतानाच करा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि जोडणी सोडण्याआधी बॅटरीची तार काढा.

समतोल : दोन कार्ब्युरेटर आहेत, तर त्यांचा मेळही तपासून घ्यावा. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नेले, तर हवेच्या आवाजातला फरक स्पष्ट कळतो.

वंगण : मेळाबद्दल मी विचारलेले नाही. कृपया गळतीपुरते बोलावे.

जुना पाना : आधी गळती नेमकी कुठून होते ते ठरवा, कारण पेट्रोल फ्लोट चेंबरच्या झाकणावरून ओघळून भलत्याच जागी जमते. सगळा भाग कोरडा पुसून त्यावर खडूची पूड लावा, कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि पूड सर्वांत आधी कुठे काळवंडते ते पाहा. बँजोभोवती काळवंडली तर दोष जोडणीचा; झाकणाच्या मधल्या नटाशी, जिथून ओव्हरफ्लोची नळी निघते, तिथे काळवंडली तर दोष आतल्या नीडल व्हॉल्व्हचा किंवा फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगून तो व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या भागाच्या) उंचीचा. शिवाय पंप कोणता आहे? मूळचा एसयू पंप चेंबर भरले की टिकटिक थांबवतो.

वंगण : पूड लावून पाहिली. पुढच्या कार्ब्युरेटरवर बँजो आणि झाकण यांच्या मधली रेघ खालच्या बाजूने आधी काळी झाली. मागच्यावर बँजो कोरडा राहिला आणि मधल्या नटाखाली ओल आली. पंप मूळचा नाही, आधीच्या मालकाने दुसरा विजेचा बसवलेला आहे आणि त्याची टिकटिक थांबत नाही.

निळी टाकी : मग सगळा दोष पंपाचाच आहे. दाब नियंत्रक बसवा, दोन्ही गळत्या थांबतील.

जुना पाना : दोन्ही थांबणार नाहीत. एसयूला अडीच-तीन पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो आणि बाजारातले काही पंप त्याच्या दुप्पट दाब देतात हे खरे. पण तेवढ्याने सुस्थितीतली बँजो जोडणी गळत नाही, हार खातो तो नीडल व्हॉल्व्ह. त्यामुळे या दोन वेगळ्या गळत्या आहेत.

पुढच्या कार्ब्युरेटरचा बोल्ट काढून बँजोचा चेहरा (वॉशर टेकतो ती सपाट बाजू) उजेडात तिरका धरून पाहा. कडेपर्यंत गेलेला बारीकसा चरासुद्धा पेट्रोलला वाट देतो आणि फायबरचा वॉशर तो भरून काढत नाही. जाड काचेवर ६०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून बँजो इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवा, म्हणजे चेहरा सर्वत्र सारखा मंद दिसू लागेल. झाकणाचा चेहरा मात्र गाडीवर घासू नका. झाकण काढून, आतली जाळी आणि स्प्रिंग बाहेर ठेवून, सपाट ठोकळ्यावर चिकटवलेल्या कागदाने घासा आणि सगळी भुकटी धुऊन टाका. जाळी पुन्हा पूर्ण आत बसली पाहिजे, नाहीतर बँजो सपाट टेकत नाही.

आटेपाने : त्यात एक भर घालतो. आवळताना बँजो हाताने धरून ठेवा. तो बोल्टबरोबर फिरला की वॉशर चुरगळतो. नळी ओढली जात असेल तर बँजो तिरका बसतो, म्हणून तिचा ताणही पाहा. अजून आवळत राहणे हा उपाय नाही, कारण बोल्ट पोकळ आहे आणि झाकणाचा धातू मऊ, म्हणजे आधी आटे जातील.

वंगण : मागच्याचे काय करावे?

जुना पाना : तेही झाकण काढा, नीडलच्या टोकावर झिजेची कडी उमटली असेल तर नीडल आणि सीट दोन्ही बदला. मग झाकण उलटे धरून फ्लोटने हलणाऱ्या काट्याखाली ७/१६ इंचाची, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटरची, सळई ठेवून फ्लोटची पातळी जुळवा. त्यानंतर पंपाच्या नळीवर प्रेशर गेज लावून दाब मोजा आणि तो जास्त निघाला तरच नियंत्रक बसवा.

वंगण : सध्याचे फायबर वॉशर नवेच आहेत, ते परत वापरले तर चालतील?

आटेपाने : नाही. एकदा दाबले गेलेले फायबर वॉशर पुन्हा तसेच बसत नाहीत, म्हणून झाकणे उघडण्याआधीच दोन्ही कार्ब्युरेटरांसाठी नवे संच आणून ठेवा.