डाळमिलला मेनफ्रेम नको, मध्यम बँकेला धाकटं मॉडेल बघा

भाऊ, जळगावातली डाळमिल, पतसंस्था आणि मोठी बँक यांना कोणता मेनफ्रेम, म्हणजे प्रचंड व्यवहार एकत्र हाताळणारा मोठा संगणक, चालेल, असं तुम्ही विचारलंय. डाळमिलला तर नकोच! आवक-जावक, गोण्यांचा हिशेब, जीएसटी एवढ्यासाठी एक साधा सर्व्हर आणि रोजचा बॅकअप भरपूर झाला. पतसंस्थेनेही भाड्याचं कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांचा सगळा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यावं.

खरी निवड बँकेपाशी सुरू होते. आयबीएमच्या झेड१६ या मेनफ्रेमचं २०२२ मधलं मोठं मॉडेल २०० कोअर (प्रत्यक्ष गणनं करणारे भाग) आणि ४० टीबी मेमरीपर्यंत जातं. २०२३ चं धाकटं ६८ कोअर, १६ टीबीपर्यंत, आणि ते सर्व्हर ठेवायच्या नेहमीच्या १९ इंची रॅकमध्येही बसवता येतं. मध्यम बँकेने धाकटंच घ्यावं, असं माझं ठाम मत. त्यातल्या कोअरपैकी नेहमीची कामं करणारे सामान्य प्रोसेसर जास्तीत जास्त ६, आणि त्यांची क्षमता ए ते झेड अशा २६ पायऱ्यांत ठरवता येते. सॉफ्टवेअरचं बिल बऱ्याचदा याच क्षमतेवर लागतं, म्हणून गरज नसताना वरची पायरी घेतली की लायसन्सच जड जातं.

आणि भुसावळ-जळगावचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. एसी आणि जनरेटरचा खर्च कोटेशन मागवण्याआधीच धरून ठेवा.